लांब चालायचंय? हाफपँट बाहेरून नाही, उलटी करून आतून बघा

यात्रा असो, ट्रेक असो की वनरक्षक भरतीतली 25 किलोमीटरची चाचणी; पायात दम असूनही अनेकांना मांड्या थांबवतात. कापड, शिवण आणि लांबी यांचा हिशेब समजून घ्या

महाशिवरात्र जवळ आली की गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडाकडे माणसांची रीघ लागते. इथे महादेवाचं ठाणं आहे आणि दर्गाही आहे. दोन्हीकडे माथा टेकवून परतणारी माणसं या भागात नवलाची नाहीत. बहुतेक जण एसटी, ट्रॅक्टर, दुचाकीने येतात. पण पायदळ येणारेही असतात, आणि वाहनाने आलेल्यांनाही शेवटी गर्दीतून डोंगर चढावाच लागतो.

अशा कुठल्याही यात्रेत परतीच्या वाटेवर नीट पाहिलंत तर काही माणसं पाय फाकवून, बदकासारखी चालताना दिसतील. त्यांचा गुडघा दुखत नसतो, टाचेला फोडही नसतो. मांड्या लागलेल्या असतात. हे दुखणं कुणी उघड सांगत नाही. बुटांबद्दल दहा जणांना विचारणारा माणूस चड्डीबद्दल एकालाही विचारत नाही आणि दुकानात जाऊन रंग आवडला म्हणून पँट घेऊन येतो.

बुटांवर चार हजार खर्च करून शंभर रुपयांच्या जाळीने माघार घ्यावी लागणं, हा खरं तर टाळता येण्यासारखा प्रकार आहे.

मांड्या लागतात म्हणजे नेमकं काय होतं?

साधा हिशेब मांडू. एक पाऊल सरासरी 75 सेंटिमीटरचं धरलं, तर 25 किलोमीटरमध्ये सुमारे 33 हजार पावलं पडतात. प्रत्येक पावलाला एक मांडी दुसरीला किंवा मधल्या कापडाला घासून पुढे जाते. एकदा घासल्याने काही होत नाही. तेहतीस हजार वेळा एकाच जागी घासल्यावर होतं.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात घर्षण शिकवताना उतरत्या फळीवर ठोकळा ठेवतात आणि पृष्ठभाग कोरडा आहे असं गृहीत धरतात. माणसाची मांडी त्या गृहीतकात बसत नाही. घाम आला की कातडी ओली होते, मऊ पडते आणि कापड तिला चिकटायला लागतं. बराच वेळ भांडी घासल्यावर बोटांची कातडी कशी फुगते, तसंच. फुगलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलवटते. त्यात दुपारच्या उन्हात घाम वाळतो आणि मिठाचे बारीक कण मागे राहतात. पुन्हा घाम येतो, पुन्हा वाळतो. मग कापड आणि कातडी यांच्यामध्ये अगदी बारीक पॉलिश पेपर ठेवल्यासारखी अवस्था होते.

म्हणजे शत्रू तीन आहेत : ओल, शिवण आणि कातडीला कातडी लागणं. चांगली हाफपँट या तिन्हींचा बंदोबस्त करते. महागडी पँट करेलच असं नाही.

आणि हा प्रश्न फक्त जाड माणसांचा आहे, हा समज सोडून द्या. सडपातळ माणसाच्या मांड्या एकमेकींना लागत नसतील, पण जांघेतली शिवण आणि अंडरवेअरचं इलॅस्टिक त्यालाही तितकंच कापतं.

सुती की सिंथेटिक?

आपल्याकडे उन्हाळ्यात सुतीच घालावं, हे पाठ झालेलं आहे. घरी बसायला, बाजारात जायला ते बरोबरच. लांब चालायला नाही. कारण सूत पाणी पिऊन बसतं. नेहमीच्या दमट हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरून ठेवतो, नायलॉन सुमारे 4 टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. घामाने भिजल्यावर हा फरक आणखी जाणवतो. भिजलेली सुती बर्मुडा जड होते, खाली ओघळते, मांडीला चिकटते आणि वाळायला तास लावते. जीन्स कापून केलेली हाफपँट तर या यादीत सगळ्यात शेवटी. तिची शिवण बोटाएवढी जाड असते आणि भिजली की दोरखंडासारखी कडक लागते.

पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या पातळ, विणीच्या कापडात घाम धाग्यात शिरत नाही. तो कापडावर पसरतो आणि उडून जातो. त्यात थोडा स्पॅन्डेक्स (लेबलवर इलास्टेन असंही लिहिलेलं असतं) असेल तर कापड ताणतं आणि उंच पायरी चढताना जांघेत ओढ बसत नाही. या कापडाचे दोषही आहेत. त्याला घामाचा वास लवकर धरतो. शेकोटीजवळ बसलात तर एक ठिणगी पुरते, भोक पडतं. महाशिवरात्रीच्या सुमारास झाडीपट्टीत पहाट गार असते आणि मुक्कामाला शेकोट्या पेटतात, म्हणून हे लक्षात ठेवायचं.

एक फसवणूक मात्र ओळखायला हवी. आठवडी बाजारात ‘स्पोर्ट्स’ म्हणून जी चकचकीत, जाड, आतून गुळगुळीत पँट मिळते, तीही पॉलिएस्टरचीच असते. पण तिच्यातून हवा जात नाही. परीक्षा सोपी आहे : कापड तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडे ठेवलेल्या तळहाताला हवा लागली तर घ्या. अजिबात लागली नाही तर ती पँट चालण्यासाठी नाही, फोटोसाठी आहे.

खरी गोष्ट शिवणीत आहे

आता पँट उलटी करा. दोन पाय जिथे मिळतात ती जागा बघा. साध्या, स्वस्त पँटमध्ये चार शिवणी एका बिंदूला येऊन मिळतात आणि तिथे कापडाची गाठ तयार होते. तो बिंदू बरोबर जांघेच्या मधोमध, म्हणजे जिथे घाम सगळ्यात जास्त आणि हवा सगळ्यात कमी, तिथे येतो. याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

चालण्यासाठी म्हणून शिवलेल्या पँटमध्ये ही गाठ टाळलेली असते. दोन पायांच्या मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा एक वेगळा तुकडा जोडतात. त्यामुळे शिवणी मधोमध न मिळता बाजूला सरकतात आणि पाय फाकवायला मोकळी जागा मिळते. हे काही परदेशी संशोधन नव्हे. सलवार आणि पायजमा शिवणारे आपले शिंपी हा तुकडा पिढ्यान् पिढ्या लावत आले आहेत, काही जण त्याला मियानी म्हणतात. दुकानातल्या पोराला ‘गसेट आहे का’ विचारलं तर तो गोंधळेल. पँट उलटी करून तुम्हीच बघा, ते लवकर होईल.

दुसरी खूण म्हणजे सपाट शिवण. नेहमीच्या ओव्हरलॉक शिवणीत आतल्या बाजूला कापडाची कडा उभी राहते. बोट फिरवलं की कंगोरा लागतो. सपाट शिवणीत, म्हणजे फ्लॅटलॉकमध्ये, दोन्ही कडा आडव्या बसवून वरून जाळीसारखे टाके घातलेले असतात. बोट फिरवून फरक कळतो. जीभ लावल्यावर मिठाची चव कळावी इतका स्पष्ट कळतो. आत शिवलेलं लेबल, किमतीच्या टॅगचा प्लॅस्टिकचा तुकडा, खिशाचं टोक, यांच्यावरूनही बोट फिरवून घ्या.

शिवणीचा विचार करताना धोतराची आठवण येणं साहजिक आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर वारकरी पायी जातात आणि त्यात धोतर नेसलेले आजही दिसतात. धोतर सुती असतं, भिजतं, तरी त्यात एक गोष्ट नाही : शिवण. दोन मांड्यांच्या मधून कापडाचा मऊ थर जातो, हवा खेळते आणि भिजलेली बाजू सरकवून घेता येते. आपल्या भागात धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाया लुगड्याचा काष्टा मारतात, त्यातही हेच साधतं. मांडीला मांडी लागत नाही, मध्ये कापड असतं. काष्ट्याला कुणी ‘टेक्निकल वेअर’ म्हटलं नाही, एवढंच.

हाफपँटही आपल्याला नवी नाही. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ 1975 चा. त्यातली हवालदाराची हाफपँट ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा घेर आठवेल. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेशातली खाकी हाफपँट तर 2016 च्या विजयादशमीपर्यंत संचलनात दिसत होती. या जुन्या पँटी जाड सुती कापडाच्या, पण पायाला इतका घेर की कापड मांडीला चिकटायला कारणच नसे. आजच्या फॅशनच्या घट्ट चिनो शॉर्ट्समध्ये तो घेरही नाही आणि ताणही नाही. लांब चालायला त्या निरुपयोगी, किंमत कितीही असो.

लांबी किती असावी?

शॉर्ट्सच्या लेबलवर किंवा ऑनलाइन वर्णनात 5, 7, 9 इंच असे आकडे दिसतात. ही पँटची पूर्ण लांबी नव्हे. जांघेपासून खालच्या कडेपर्यंतची आतली लांबी, म्हणजे इनसीम. 5 इंच म्हणजे साधारण 13 सेंटिमीटर, 7 म्हणजे 18, 9 म्हणजे 23.

मांड्या एकमेकींना लागतात त्या बहुधा वरच्या भागात. 5 इंचाची पँट आरशासमोर तो भाग झाकते. पण चालायला लागलं की कापड वर सरकतं, दोन मांड्यांच्या मध्ये गोळा होतं आणि खाली कातडी उघडी पडते. म्हणून मांड्या लागणाऱ्यांनी 7 ते 9 इंच बघावं. त्याहून लांब, गुडघ्याखाली जाणारी थ्री-फोर्थ घेतली तर दुसरीच अडचण येते : चढावर गुडघा वाकवला की भिजलेलं कापड गुडघ्यावर अडतं आणि प्रत्येक पायरीला ओढ बसते. पायऱ्या आणि चढ असलेल्या जागी गुडघ्याच्या किंचित वर संपणारी पँट सगळ्यात सोयीची.

आतली जाळी आणि अंडरवेअर

धावण्याच्या बऱ्याच शॉर्ट्सना आतून जाळी लावलेली असते. पाच-सात किलोमीटरला ती चालते. तीन-चार तासांनंतर तीच जाळी जांघेत करवतीसारखी फिरते. पँट चांगली आणि जाळी वाईट असेल तर जाळी कात्रीने कापून टाका. शिवणीच्या अगदी जवळून कापा, नाहीतर उरलेली कड टोचत राहते.

जाळीऐवजी आतून घट्ट, मांडीपर्यंत येणारी चड्डी जोडलेल्या दुहेरी शॉर्ट्स मिळतात. लांब चालण्यासाठी ही रचना माझ्या मते सगळ्यात उपयोगी आहे. कारण घर्षण कातडी आणि कापडात न होता आतलं कापड आणि बाहेरचं कापड यांच्यात होतं. कापड सोलवटलं तर रक्त येत नाही. ही दुहेरी पँट महाग वाटली तर तेच काम दोन वेगळ्या वस्तूंनी होतं : आतून मांडीपर्यंत येणारी ताणणारी चड्डी, बाहेरून सैल हाफपँट. आतली चड्डी अंगाला चिकटलेलीच हवी. सैल असेल तर ती गोळा होते आणि पहिल्यापेक्षा जास्त घासते.

त्रिकोणी सुती अंडरवेअर मात्र लांबच्या वाटेला घरीच ठेवा. त्याचं इलॅस्टिक बरोबर जांघेच्या घडीवर बसतं. पँट कितीही भारी असली तरी आतला हा एक तुकडा सगळं बिघडवतो.

कमरेकडेही एक नजर टाकावी. पाठीवर सॅक असेल आणि तिचा पट्टा कमरेवर बांधत असाल, तर पँटला बेल्टचे लूप, धातूची बटणं, जाड गाठीची नाडी नको. रुंद, मऊ इलॅस्टिक आणि चपटी नाडी चांगली. मोबाइल सैल खिशात ठेवला तर दोनशे ग्रॅमचा लंबक प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो आणि पँट एका बाजूला ओढतो. मांडीच्या बाजूला, चेन असलेला, अंगालगतचा खिसा बघा. यात्रेच्या गर्दीत त्याचा दुसरा फायदा सांगायला नको.

साडी, सलवार आणि न सांगितलेलं दुखणं

शॉर्ट्सवरचे लेख बहुतेकदा पुरुषांसाठी लिहिलेले असतात. पण यात्रेत चालणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात आणि पाचवारी साडीत परकराच्या आत मांड्यांच्या मध्ये काहीच नसतं. काष्टा गेला, त्याच्या जागी काही आलं नाही. दुखणं वाढलं, पण ते सांगायचं कुणाला?

उपाय अगदी साधा आहे. परकराच्या किंवा सलवारीच्या आत मांडीच्या मध्यापर्यंत येणारी, ताणणारी सायकलिंग शॉर्ट्स घालायची. शाळकरी मुली गणवेशाच्या स्कर्टखाली घालतात तीच. फक्त सुती होजिअरीऐवजी नायलॉन-स्पॅन्डेक्सची घ्यावी, कारण होजिअरी भिजली की सैल पडून वर गुंडाळली जाते. बाहेरून काही दिसत नाही, कुणाला सांगावं लागत नाही. आईला किंवा आजीला यात्रेला पाठवताना पिशवीत दोन जोड टाकता येतात.

नाडीची गाठ कमरेवर रुतते, हीही बायकांची वेगळी तक्रार. परकराला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावून घेणं कोणत्याही शिंप्याला जमतं.

भरतीच्या पोरांसाठी वेगळा हिशेब

गोंदिया, भंडारा, गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत लांब चालणं म्हणजे फक्त यात्रा किंवा छंद नाही. वनरक्षक भरतीत पुरुष उमेदवारांना 25 किलोमीटर अंतर 4 तासांत चालून दाखवावं लागतं. महिलांसाठी अंतर कमी, वेळ तेवढाच. 25 किलोमीटर 4 तासांत म्हणजे ताशी सव्वासहा किलोमीटर. आपण सहज चालतो तो वेग ताशी पाचच्या आसपास असतो. मिनिटाला साधारण 139 पावलं, चार तास न थांबता. वर्षभराची मेहनत या एका सकाळवर टांगलेली असते.

घोळ असा होतो की तयारी धावण्याची केलेली असते आणि पँटही धावण्याचीच असते. धावण्याच्या चाचणीला बाजूला चीर असलेली आखूड, जाळीची शॉर्ट्स उत्तम. काम अर्ध्या तासात संपतं. तीच घालून चार तास झपाझप चाललं तर दहाव्या-बाराव्या किलोमीटरला जांघेत आग सुरू होते. मग पाऊल आपोआप आखूड पडतं, पाय बाहेर फेकला जातो, वेग उतरतो. ताशी सव्वासहावरून साडेपाचवर आलात तर 4 तासांत 22 किलोमीटरच होतात.

म्हणून दोन चाचण्यांना दोन पँटी ठेवा. चालण्याच्या चाचणीची पँट घालून आधी किमान दोनदा 15 किलोमीटरहून अधिक चाला आणि त्यातलं एक चालणं ऊन चढल्यावर करा. पहाटेच्या गारव्यात जी पँट छान वाटते, ती दहा वाजता वेगळीच वागते. मुलींना गावच्या रस्त्यावर शॉर्ट्स घालून सराव करणं अनेक ठिकाणी शक्य नसतं. त्यांनी पातळ लोअरच्या आत तीच ताणणारी शॉर्ट्स घालावी. जाड, ब्रश केलेल्या कापडाचा लोअर नको.

चाचणीच्या दिवशी नवी कोरी पँट घालायची नाही. नव्या कापडावर कडकपणा देणारा थर असतो, तो दोन-तीन धुण्यांनंतर जातो.

हाफपँट कुठे नको?

प्रतापगडाच्या आसपासचा मुलूख नवेगाव बांध, इटियाडोह आणि त्यांच्या भोवतीच्या जंगलाचा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 मध्ये घोषित झाला. संरक्षित जंगलात परवानगीशिवाय पायी शिरणं हा गुन्हा आहे आणि तिथे वाघ, बिबट, अस्वल आहेत. त्यामुळे या भागात ‘हायकिंग’ म्हणजे रस्ता, गावाची पायवाट आणि डोंगराची चढण एवढंच समजावं.

त्या पायवाटांवरही हाफपँट नेहमी शहाणपणाची नाही. पावसाळा संपल्यावर गवत वाळतं आणि कुसळं तयार होतात. ती कातडीत घुसतात, मोज्यात अडकतात आणि टोचत राहतात. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव उघड्या पायाला लागली तर पुढचा तासभर दुसरं काही सुचत नाही. धानाच्या बांधावरून, पाचोळ्यातून चालताना सापाचा धोका वेगळाच. मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणारी माणसं भर उन्हाळ्यात अंगभर कपडे घालून जंगलात जातात, ती उगीच नाही. वन कर्मचारीही व्याघ्रगणनेसाठी पायी फिरतात ते फुलपँटमध्येच.

स्क्रब टायफस हा आजार विदर्भाने 2018 मध्ये जवळून पाहिला, तेव्हा नागपूर परिसरात रुग्ण वाढले होते. गवत-झुडपातल्या अगदी बारीक कीटकाच्या अळीच्या चाव्यातून तो होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत गवतातून चालायचं असेल तर पातळ, हवेशीर फुलपँट घाला आणि तिचा पाय मोज्यात खोचा. दिसायला बावळट दिसतं, चालतं.

थोडक्यात, डांबरी रस्ता, पायऱ्या, रुंद मळलेली वाट असेल तर हाफपँट. गवत असेल तर फुलपँट. दोन्ही असतील तर गुडघ्यावर चेन असलेली, खालचा पाय काढता येणारी पँट मिळते. घेताना चेनच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी आहे ना ते बघा, नाहीतर तीच गुडघ्याला घासते.

देवळात आणि दर्ग्यात जायचं असेल तर गुडघे झाकलेले बरे. त्यासाठी दिवसभर फुलपँटमध्ये शिजायची गरज नाही. सॅकमध्ये एक लुंगी किंवा मोठा दुपट्टा ठेवा. वर पोहोचल्यावर घाम पुसायचा, कमरेला गुंडाळायचा, दर्शन घ्यायचं.

दुकानात पाच मिनिटं

ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून पँट कळत नाही. पूर्ण उकिडवे बसा. जांघेत ओढ बसली तर परत करा. एक गुडघा छातीपर्यंत उचला. कापड मांडीवर अडलं तर परत करा. जागेवर पन्नास पावलं टाका आणि मग खाली बघा. पँटचे दोन्ही पाय जिथे होते तिथेच असतील तर ठीक, वर सरकून मध्ये गोळा झाले असतील तर हीच गोष्ट वाटेत तेहतीस हजार वेळा होणार आहे.

ऑनलाइन घेत असाल तर उलट्या बाजूचा फोटो असलेलीच घ्या. परत करण्याची सोय आहे का ते आधी बघा. काही ठिकाणी अंतर्वस्त्र जोडलेल्या शॉर्ट्स परत घेत नाहीत.

आणि गावातल्या शिंप्याला विसरू नका. ताणणारं पातळ कापड आणून दिलं, मधल्या तुकड्याचं सांगितलं आणि ‘आसन मोकळं ठेवा’ एवढं म्हटलं, तर अनेक शिंपी ब्रँडच्या तोडीची पँट शिवतात. अडचण फक्त सपाट शिवणीची. ते मशीन सगळ्यांकडे नसतं. मग शिवणीची कडा एका बाजूला मोडून वरून टीप मारून घ्यायला सांगा.

धुताना गरम पाणी आणि फॅब्रिक कंडिशनर टाळा. कंडिशनरचा थर बसला की कापड घाम पसरवत नाही आणि उष्णतेने स्पॅन्डेक्सचा ताण जातो. ताण गेलेली आतली चड्डी दिसायला नवी असली तरी ती बाद.

पावडर, व्हॅसलीन आणि लागल्यावर काय

निघण्याआधी मांड्यांच्या आत आणि जांघेत पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. दोन-तीन तासांनी पुन्हा लावावा लागतो, म्हणून छोटी डबी खिशात हवी. जेली नसेल तर खोबरेल तेल, पण ते लवकर पुसलं जातं. टाल्कम पावडर कोरड्या कातडीवर थोडा वेळ बरी वाटते. घाम आला की तिचे गोळे होतात आणि तेच घासतात.

चुरचुर सुरू झाली की लगेच थांबा. ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणून तासभर चाललात तर बरं व्हायला चार दिवस जातील. साध्या पाण्याने मीठ धुऊन काढा, कापडाने रगडू नका, टिपून कोरडं करा, जेली लावा, आतली चड्डी बदला. सोलवटलेल्या जागी अँटिसेप्टिक पाणी न घालता ओतणं, लिंबू, टूथपेस्ट हे प्रकार नकोत. मधुमेह असणाऱ्यांनी छोटी जखमही अंगावर काढू नये.

मेडिकलमधून कुणाला तरी विचारून ट्यूब आणणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. जांघेत गोल, कडेला लालसर, पसरत जाणारा चट्टा आणि खाज असेल तर ते गजकर्ण असू शकतं. त्यावर स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की दोन दिवस आराम पडतो आणि बुरशी आत पसरत राहते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली, ती याचसाठी. तरी ती काउंटरवर सहज मिळतात.

आणखी एक खूण लक्षात असू द्या. स्क्रब टायफसच्या चाव्याच्या जागी काळी, सिगारेटचा चटका बसल्यासारखी खपली धरू शकते आणि ती बऱ्याचदा जांघ, काख, कंबर अशा झाकलेल्या जागीच असते. दुखत नाही, म्हणून माणूस ‘पँट लागली असेल’ म्हणून सोडून देतो. गवतातून चालून आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी आली तर आधी या जागा आरशात बघा आणि डॉक्टरांकडे जाताना जंगलाच्या कडेने चालून आलो होतो, हे न विसरता सांगा. वेळेत ओळखलं तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी हा आजार बरा होतो.